जावक रांगेतलं उत्तर

सरांचं वाक्य दुसऱ्या कोणी पूर्ण केलेलं त्यांना चालत नसे. समोरच्याने अगदी त्यांच्या मनातलाच शब्द पुरवला तरी ते मान हलवत, डोळे मिटत आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

ते अडखळत बोलायचे. विशेषतः 'म' आणि 'प' ही दोन अक्षरं त्यांच्या तोंडात अशी अडून बसत की ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस होई. अडखळणारी बरीच माणसं अवघड शब्द दिसला की वळसा घालून सोपा शब्द घेतात. सरांनी तसं केलेलं मी कधी पाहिलं नाही. 'पाणी' म्हणायचं असेल तर ते 'पाणी'च म्हणायचे, मग त्याला दोन सेकंद लागोत की वीस. तोवर अंगठा तर्जनीवर घासत ते शांत उभे राहत. त्यामुळे आमच्या पाच मिनिटांच्या मीटिंगला अर्धा तास लागे, आणि त्या अर्ध्या तासात एकही वायफळ वाक्य नसे.

पहिल्या दिवशी मीही तो गुन्हा केलाच. मी सेलूची, किराणा दुकानदाराची मुलगी. नागपूरहून एमसीए होऊन नुकतीच परत आले होते. सरांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "तुले सी भाषा प… प…"

"परीक्षेला होती, सर," मी घाईने म्हणाले.

त्यांनी मान हलवली, डोळे मिटले. "तुले सी भाषा पक्की येते का?"

"बहुतेक येते."

"बहुतेक म्हणजे काय? येते का नाई येते?"

"येते."

"मग बस." मुलाखत संपली.

'बहुतेक' आणि 'होऊन जाईल' या दोन शब्दांना आमच्या ऑफिसात बंदी होती, हे मला नंतर कळलं.

ऑफिस म्हणजे वर्ध्यात एका ट्रस्टच्या रक्तपेढीमागच्या दोन खोल्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ट्रस्टची जिल्ह्यात सहा छोटी केंद्रं होती. सेलू, वडनेर, तळेगाव आणि अशीच आणखी तीन. प्रत्येक ठिकाणी एक सिस्टर, एक संगणक आणि टेलिफोनच्या तारेला जोडलेला एक मोडेम. रक्त ठेवायचे फ्रीज मात्र दोनच ठिकाणी, वर्ध्याला आणि आर्वीला. केंद्रावर रक्ताची गरज पडली की सिस्टर संगणकावर रक्तगट टाइप करून विचारायची. वर्ध्याचे साठापाल रजिस्टर पाहून उत्तर द्यायचे: अमुक गटाच्या इतक्या पिशव्या इथं आहेत, किंवा आर्वीला आहेत, पेशंटला तिकडे न्या. मधला निरोप्या म्हणजे आमचा सर्व्हर. सर आणि आम्ही तिघं मिळून तो सांभाळत होतो.

सर आधी वीस वर्षं हिंगणघाटला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. हजारो लोकांची बोलणी त्यांनी जोडून दिली आणि स्वतः मात्र कधी फोनवर बोलले नाहीत. पलीकडच्याला वाटे लाइन खराब आहे, आणि तो फोन ठेवून देई. मोडेम त्यांना आवडायचा. "हा, आवाज अडकला तरी फोन नाई ठेवत," असं ते म्हणत. प्रोग्रामिंग ते चाळिशीनंतर शिकले, तेही कोणाच्या मदतीशिवाय, एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सवरून. त्या झेरॉक्सच्या कडा हाताळून हाताळून वातड झाल्या होत्या.

आधीचा प्रोग्राम कोणीतरी बाहेरून करून दिलेला होता. तो एका वेळी एकाच केंद्राशी बोलायचा. एखाद्या केंद्राचा निरोप सुरू झाला की तो पुरा येईपर्यंत तिथंच खिळून बसायचा. वडनेरच्या सिस्टर एका बोटाने टाइप करत. त्या अक्षरं शोधत बसल्या की तेवढा वेळ सेलूवाले ताटकळत, तळेगाववाले ताटकळत. ट्रस्टवाल्यांनी सुचवलं, अर्ध्या मिनिटात निरोप पुरा झाला नाही तर लाइन तोडून टाका. सर दुसऱ्या दिवशी ऑफिसला आले नाहीत. ते वडनेरला गेले होते. दिवसभर त्या सिस्टरच्या मागे स्टुलावर बसून त्या कशा टाइप करतात ते पाहत राहिले.

परत आल्यावर म्हणाले, "तिच्या एका हातात सलाईनची बाटली असते. दुसऱ्या हातानं टाइप करते. लाइन तोडाची नाई."

"पण सर, तोवर बाकीचे थांबून राहतात," मी म्हणाले.

"बाकीच्याले कोण थांबवते? ते बाई, का आपला प्रोग्राम?"

त्या आठवड्यात त्यांनी सर्व्हर मुळापासून नवा लिहायला घेतला. त्यांच्या रचनेत तो कोणा एकापाशी थांबतच नसे, तो सारखा फेरा मारी. प्रत्येक फेऱ्यात आधी विचारायचं, कोणत्या लाइनीवर काही आलंय? जिथं आलंय तिथंच जायचं, जेवढं आलंय तेवढंच उचलायचं, त्या केंद्राच्या आवक रांगेत ठेवायचं आणि पुढे निघायचं. अर्धाच निरोप आला असेल तर अर्धाच ठेवायचा. पुढच्या एखाद्या फेऱ्यात उरलेला आला की जोडायचा, आणि पुरा झाला की साठापालांच्या पडद्यावर टाकायचा. त्यांचं उत्तर आलं की ते त्या केंद्राच्या जावक रांगेत लावायचं. लाइन जेवढं घेईल तेवढं द्यायचं, बाकीचं पुढच्या फेऱ्याला. वडनेरच्या बाईंना दहा मिनिटं लागली तरी सेलूचं काही अडत नाही. हे आज कॉलेजात शिकवतात. तेव्हा आम्हाला ते नवलच वाटलं होतं. 'आवक' आणि 'जावक' ही नावं सरांनी सरकारी ऑफिसातल्या रजिस्टरांवरून उचलली होती. प्रोग्राममध्येसुद्धा त्यांनी तीच लिहिली, इंग्रजी अक्षरांत.

संगणकावर काही चढवण्याआधी ते सगळं माणसांकडून चालवून घेत. व्हरांड्यात आम्हा तिघांना तीन कोपऱ्यांत उभं करायचे. मी तळेगाव, दुसरा सेलू, तिसरा वडनेर. हातात चिठ्ठ्या. सर स्वतः सर्व्हर. ते आमच्याभोवती फेऱ्या मारत आणि प्रत्येकाकडून चिठ्ठीचा तुकडा घेत. मध्येच माझ्याकडे बोट करून म्हणत, "तू मेली." म्हणजे माझी लाइन तुटली. मी गप्प उभी राहायची. रक्तपेढीत आलेले पेशंटचे नातेवाईक ओट्यावर बसून हा खेळ पाहत. एकदा एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "काऊन व पोरी, साहेबाले बरं नाई का?"

वेड असेल तर ते असं होतं. पडद्यावरच्या सूचनासुद्धा त्यांनी बदलून घेतल्या. 'चुकीची माहिती' हे वाक्य काढून टाकलं आणि त्याजागी लिहायला लावलं, 'समजलं नाही. पुन्हा सांगता?'

"चूक तिची का आपली हे सर्व्हरले काय माहीत?" ते म्हणाले. "त्याले समजलं नाई, एवढंच त्याले माहीत आहे. तेवढंच त्यानं बोलावं."

दोन वर्षं तो सर्व्हर बिनतक्रार चालला. आम्हाला त्याचा अभिमान वाटू लागला होता. सरांना वाटत होता की नाही, सांगता येत नाही.

मग फेब्रुवारीतली ती दुपार आली.

कारंज्याच्या पुढे, जंगलाच्या बाजूला आमचं एक केंद्र होतं. तिथं एक बाई बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट सहज न मिळणारा. सिस्टरने दोन पिशव्यांची विचारणा पाठवली. ती आमच्याकडे नीट पोचली. वर्ध्याच्या साठापालांनी लगेच पाहिलं. त्या गटाच्या पिशव्या आर्वीला होत्या. त्यांनी उत्तर लिहिलं, 'रक्त आर्वीला आहे, पेशंटला तिकडे न्या', आणि आर्वीच्या माणसाला सांगून दोन पिशव्या बाजूला काढून ठेवायला लावल्या. त्यांच्या पडद्यावर आलं, 'उत्तर पाठवलं'. ते निर्धास्त झाले.

केंद्रावर मात्र ते उत्तर उमटलंच नाही. मध्येच टेलिफोनची लाइन गेली होती. थोड्या वेळाने ती आपोआप पुन्हा लागली, आणि पडद्यावर आलं, 'विचारणा मिळाली आहे. उत्तर येत आहे.' ते वाचून तिथले सगळे थांबून राहिले. पाऊण तास. फोनची तार एकच, ती मोडेमलाच गुंतलेली. शेवटी सिस्टरने स्वतःच्या जबाबदारीवर त्या बाईला जीपमध्ये घातलं आणि वर्ध्याच्या रस्त्याला लावलं. आर्वी जवळ होती, वर्धा लांब. बाई रस्त्यातच गेली.

आर्वीच्या फ्रीजमध्ये तिच्यासाठी काढून ठेवलेल्या दोन पिशव्या संध्याकाळपर्यंत तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी मी सर्व्हरची नोंदवही उघडली. सगळं तिथं होतं. उत्तर जावक रांगेत लागलं, त्याच क्षणी 'पाठवलं' अशी नोंद झाली. त्यानंतर दोन सेकंदांनी लाइन तुटली. लाइन तुटली की तिचा पसारा आवरायचा: जोडणी बंद, आवक रांग रिकामी, जावक रांग रिकामी. लाइन परत लागली तेव्हा सर्व्हरच्या दृष्टीने ती नवीन होती, तिची रांगही नवीन. विचारणा मिळाल्याची नोंद तेवढी शिल्लक होती, म्हणून केंद्राच्या पडद्यावर 'उत्तर येत आहे' उमटलं होतं. उत्तर कचऱ्यात गेलं होतं, आणि नोंद मात्र सांगत होती की पाठवलं.

आवराआवरीचा तो भाग मी लिहिला होता. 'पाठवलं' ही नोंदही मीच लिहिली होती, रांगेत टाकताक्षणी. तेव्हा मला वाटलं होतं, रांगेत टाकलं म्हणजे जाईलच.

मी फाइल बंद केली. कोणाला काही बोलले नाही. दिवसभर सरांच्या समोर बसले, त्यांना चहा आणून दिला आणि गप्प राहिले. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, ती याच एका दिवसामुळे.

तिसऱ्या दिवशी ट्रस्टच्या सभागृहात चौकशी बसली. त्या सकाळी सर माझ्याआधी ऑफिसात आले होते, आणि त्यांच्या पडद्यावर तीच ओळ उघडी होती. माझ्या सवयी त्यांना ठाऊक होत्या, कोणती ओळ कोणाच्या हातची हे ते न विचारता ओळखत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाले, "चल."

सभागृहात ट्रस्टचे अध्यक्ष मधे बसले होते. गावातले मोठे व्यापारी, मनाने वाईट नव्हते, पण घाईचे. दाराजवळच्या खुर्चीवर त्या केंद्राच्या सिस्टर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांना कामावरून कमी करण्याचं पत्र टाइप होऊन अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवलेलं होतं. सही तेवढी बाकी होती.

"रेकॉर्ड काय म्हणते?" अध्यक्षांनी विचारलं.

साठापालांनी कागद वाचला. "उत्तर पाठवलं, असं आहे साहेब."

"म्हणजे आपल्याकडून गेलं. सिस्टर, तुम्ही पाहिलं नाई."

"आलंच नाई, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "मी पेशंटजवळ होती, पण आमच्या आयाबाई पडद्यासमोर बसून होत्या. त्या जागच्या हलल्या नाईत."

"कॉम्प्युटर खोटं बोलून राह्यला का मग?"

तेव्हा सर उभे राहिले.

"चूक प्रोग्रामची आहे," ते म्हणाले. 'प्रो'वर बराच वेळ गेला. "प्रोग्राम म… म…"

"मुलांनी लिहिला," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या हाताखालच्या मुलांनी. समजलं. कोणी लिहिला?"

अध्यक्ष खरंच बोलले होते. सरांनी फक्त मान खाली घातली असती तरी पुरलं असतं. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"चूक प्रोग्रामची आहे. प्रोग्राम म…"

"मुलीनं लिहिला का?" दुसरे एक विश्वस्त माझ्याकडे पाहत म्हणाले.

सरांनी पुन्हा मान हलवली. अंगठा तर्जनीवर घासत ते उभे राहिले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तेवढा वेळ होता. त्यांच्या त्या अडलेल्या शब्दाने मला हवा तेवढा वेळ दिला होता.

"चूक प्रोग्रामची आहे," तिसऱ्यांदा ते म्हणाले. "प्रोग्राम माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं. जावक रजिस्टरात नंबर पडला म्हणजे पत्र पोचलं असं होत नाही. आमच्या सर्व्हरने नंबर टाकला आणि 'पोचलं' असं समजून घेतलं. सिस्टर खरं बोलत आहेत. त्यांना उत्तर गेलंच नाही. सांगायला त्यांना वीसएक मिनिटं लागली असतील. या वेळी कोणी मधे बोललं नाही.

एका डॉक्टर विश्वस्तांनी शेवटी समजुतीच्या सुरात म्हटलं, "आर्वीला नेलं असतं तरी वाचली असती, असं सांगता येत नाही."

"ते तुम्ही म्हणू शकता," सर म्हणाले. "मले म्हणता नाई येत."

सिस्टरचं पत्र फाडलं गेलं. त्या दारातून बाहेर पडताना सरांपाशी थबकल्या आणि मग पुढे गेल्या. पुढच्या आठवड्यात विभागप्रमुख म्हणून सरांचं नाव काढलं, आणि त्या जागी कागदोपत्री माझं घातलं. माझ्याइतकं काम जाणणारं दुसरं कोणी नव्हतं. मी ते पद घेतलं.

पद घेतल्यावर दोन दिवसांनी सर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "उद्या त्या बाईच्या घरी जाऊ. तुले याचं असन तं ये."

सकाळच्या एसटीने आम्ही कारंज्याला गेलो, तिथून जीपने पुढे. सागाच्या जंगलाला लागून पंधरा-वीस घरांची वस्ती होती, गोंड लोकांची. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगण सारवलेलं होतं. गेलेल्या बाईची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाईचा नवरा जंगलखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जायचा, तो त्या दिवशी घरीच होता. मायलेक आपसात गोंडीत काही बोलले. मग म्हातारीने आम्हाला बाजेवर बसायला सांगितलं. सर बसले नाहीत.

"मी कॉम्प्युटरवाला," त्यांनी सुरुवात केली. "त्या दिवशी सिस्टरनं रक्त विचारलं होतं. ते आर्वीले होतं. आम्ही तसं लिहून प… प… प…"

तसं अडखळताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मानेच्या शिरा ताठल्या. मला वाटलं, आता मी बोलावं, निदान हा एक शब्द तरी द्यावा. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि हाताने थांबायची खूण केली. बाळ चुळबुळलं तसं तिने त्याला थोपटलं, पण सरांवरची नजर काढली नाही. तिला कसलीच घाई नव्हती.

"…पाठवलं," सर म्हणाले. "पण ते पोचलं नाई. आमच्या मशीननं ते फेकून देल्लं. सिस्टरचा दोष नाई. आमचा आहे."

आणि तेव्हा कुठे मला बोलता आलं. "ते मी लिहिलं होतं, आजी. फेकून द्यायचं मी लिहिलं होतं. सरांनी नाही."

नवरा उठला आणि घरामागे निघून गेला. आम्ही तिथं असेपर्यंत तो परत आला नाही. म्हातारी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत क्षमा होती असं मी म्हणणार नाही. रागही नव्हता. ती मला नीट पाहून घेत होती.

"मी समजून राह्यली होती, आमी उशीर केला," ती म्हणाली. "पोरगा बी तसंच म्हने. मीच लवकर नेलं नाई म्हने, दवाखान्यात. रोज म्हने."

सर खाली बसले. बाजेवर नाही, जमिनीवर, तिच्या समोर.

"तुम्ही उशीर नाई केला," ते म्हणाले. या वाक्याला ते कुठेच अडले नाहीत.

"आता दुसऱ्या बाईचं असं होईन का?" म्हातारीने विचारलं.

कोणीही 'नाही' म्हटलं असतं. सरांनी विचार केला. "या कारणानं नाई होणार. ते मी पाहीन. दुसऱ्या कारणाचं मले सांगता नाई येत."

म्हातारीने मान हलवली. आम्हाला पाणी दिलं. निघताना तिने बाळ मला पाहू दिलं. घ्यायला दिलं नाही.

त्या महिन्यात आम्ही सर्व्हर बदलला. लाइन तुटली तरी जावक रांग टाकायची नाही. रांग लाइनीची नाही, केंद्राची. केंद्र परत आलं की पहिलं काम, राहिलेलं उत्तर देणं. आणि 'पाठवलं' हा शब्दच काढला. तिकडच्या माणसाने उत्तर वाचून स्वतः 'मिळालं' असं टाइप केल्याशिवाय आमच्याकडे काम संपल्याची नोंद होणार नाही. पाच मिनिटांत 'मिळालं' आलं नाही तर साठापालांच्या टेबलावर घंटी वाजेल.

मी म्हणाले, "सर, उत्तर पोचल्याचं मशीनच मशीनला सांगू शकतं. सिस्टरला कशाला त्रास?"

"मशीननं मशीनले सांगितलं," ते म्हणाले, "यात माणूस कुठी आहे?"

ते सगळं त्यांनी मला लिहायला लावलं. स्वतः एक ओळ लिहिली नाही. मी लिहायची आणि ते वाचायचे. व्हरांड्यात आम्ही पुन्हा चिठ्ठ्या घेऊन उभे राहिलो, आणि या वेळी त्यांनी आम्हा प्रत्येकाला प्रत्येक पावलावर एकेकदा मारून पाहिलं. घ्यायच्या आधी, घेताना, घेतल्यावर. तीन दिवस लागले.

माझ्या हाताखाली ते आणखी चार वर्षं काम करत होते. मला 'मॅडम' म्हणावं असं ट्रस्टने सुचवलं, तेव्हा ते म्हणाले की 'म'ने सुरू होणारा आणखी एक शब्द मला परवडत नाही. त्यांनी केलेला हा एकच विनोद माझ्या आठवणीत आहे. मग ते निवृत्त झाले आणि हिंगणघाटला राहू लागले.

दोन हजारचं दशक संपता संपता केंद्रांवर इंटरनेट आलं, नवीन प्रणाली आली आणि आमचा सर्व्हर बंद करायचं ठरलं. मी सरांना बोलावून घेतलं. ते थकले होते. पुढच्याच वर्षी ते गेले. पण त्या दिवशी वेळेच्या अर्धा तास आधी आले.

नवीन प्रणालीचे इंजिनिअर चुणचुणीत होते. ते सरळ मागच्या बटणाकडे गेले. "करू का बंद?"

"नोको," सर म्हणाले. "आधी नवीन घेणं बंद. मग जावक रिकामी होऊ द्या."

आम्ही सहाही केंद्रांना शेवटचा निरोप लावला: हा सर्व्हर बंद होत आहे, यापुढे नवीन प्रणाली वापरा. सेलूचं 'मिळालं' आलं. वडनेरचं आलं, सावकाश, एकेक अक्षर. तळेगावचं आलं. दुपारपर्यंत पाच आली. जंगलाकडच्या केंद्राचं येईना. फोन केला तेव्हा कळलं, तिकडे वीज गेली आहे.

इंजिनिअर म्हणाले, "सर, त्यांना फोनवर सांगितलंच आहे. आता काय फरक पडतो? बाहेर तुमच्या सत्काराची तयारी झाली आहे. अध्यक्ष थांबलेत."

"तुम्ही जा जेवाले," सर म्हणाले. "आम्ही बसतो."

आम्ही दोघं बसलो. पडद्यावर एकच ओळ बाकी होती. बाहेर भाषणं झाली, टाळ्या वाजल्या, जेवणं झाली. कोणीतरी शाल आणि नारळ आत टेबलावर आणून ठेवून गेलं. साडेचार वाजता वीज आली असावी. लाइन लागली, निरोप गेला, आणि थोड्या वेळाने तिकडून सिस्टरचं 'मिळालं' आलं. सरांनी दोन्ही रांगा तपासल्या. मग मला म्हणाले, "कर बंद." बटण मी दाबलं.

बसस्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. हिंगणघाटची गाडी लागलेली होती. आठ वर्षं माझ्या मनात असलेला प्रश्न मी तिथं विचारला.

"सर, त्या दिवशी सभागृहात त्यांनी विचारलं होतं, कोणी लिहिला. तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"मले भ…" ते अडले. कंडक्टरने घंटी वाजवली. गाडीतले लोक खिडकीतून पाहू लागले. मी उभी राहिले.

"मले भेव वाटलं," ते म्हणाले, "तू हे काम सोडून देशीन."

राजीनामा मी त्या चौकशीच्या सकाळी लिहून पर्समध्ये ठेवला होता. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

"नाही सोडलं, सर," मी म्हणाले.

"पाहून राह्यलो," ते म्हणाले आणि गाडीत चढले.